‘टिकाऊ स्थलांतर’ : कुणासाठी टिकाऊ?

टिकाऊ हा शब्द आपण चपलेसाठी वापरतो, सतरंजीसाठी वापरतो. भांड्यांच्या दुकानात पातेल्यावर टिचकी मारून विचारतो, ‘टिकाऊ आहे ना?’ आता हाच शब्द माणसांसाठी वापरला जाऊ लागला आहे. ‘टिकाऊ स्थलांतर’ हा युरोपातल्या धोरणकर्त्यांचा शब्द आपल्याकडच्या लेखांत आणि चर्चांतही येऊ लागला आहे. त्याच्या जोडीला दुसरा शब्द असतो, ‘समाजाची सुरक्षा’. दोन्ही शब्द इतके सभ्य आहेत की त्यांना विरोध करणारा माणूसच असभ्य वाटावा. टिकाऊ गोष्ट कुणाला नको असते? सुरक्षा कुणाला नको असते?

मी भाषा शिकवतो. शब्द सभ्य दिसला की तो कुणासाठी काम करतो हे तपासायची मला सवय आहे. या दोन शब्दांची तशी तपासणी केली तर काय हाती लागतं ते इथे मांडतो. यातला काही भाग आपल्याच लोकांना आवडणार नाही. तोही मांडणार आहे.

आधी अर्थ. ‘सामाजिक सुरक्षा’ म्हटलं की आपल्याला पेन्शन आठवते, निराधार योजना आठवते. इथे तो अर्थ नाही. ब्रिटिश अभ्यासक बॅरी बुझान यांनी १९८३ मध्ये सुरक्षेची पाच क्षेत्रं मांडली : लष्करी, राजकीय, आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय. देशाला धोका फक्त रणगाड्यांचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९९३ मध्ये ओले वेव्हर हे डॅनिश अभ्यासक, बुझान आणि त्यांचे सहकारी यांनी सामाजिक सुरक्षेवर वेगळा ग्रंथच काढला. देशाची सुरक्षा म्हणजे त्याचं सार्वभौमत्व टिकणं आणि समाजाची सुरक्षा म्हणजे त्याची ओळख टिकणं, अशी ती मांडणी. भाषा, धर्म, चालीरीती, ‘आपण कोण’ ही जाणीव यांना धोका वाटला तर समाज असुरक्षित होतो.

तो काळ लक्षात घ्या. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता, युगोस्लाव्हिया पेटला होता आणि जून १९९२ मध्ये डेन्मार्कच्या जनतेने युरोपीय एकीकरणाच्या मास्ट्रिक्ट कराराला नकार दिला होता. म्हणजे ‘आपली ओळख जाईल’ ही भीती त्या वेळी स्थलांतरितांइतकीच ब्रुसेल्सच्या कारभाराबद्दलही होती. आज ती अर्धी बाजू लोक विसरले आहेत, लक्षात राहिला तो फक्त दाढीवाला आणि हिजाबवाली.

याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. एखादा प्रश्न सुरक्षेचा असतो असं नाही, तो सुरक्षेचा ‘म्हटला’ जातो. सत्तेवरच्या माणसाने ‘हा आपल्या अस्तित्वाचा प्रश्न आहे’ असं जाहीर केलं आणि लोकांनी ते मानलं की तो प्रश्न नेहमीच्या राजकारणातून उचलला जातो. मग त्यावर वाद घालायचा नसतो, खर्च विचारायचा नसतो, कायद्याच्या अटी सैल करायच्या असतात. म्हणून शक्य तितके प्रश्न सुरक्षेच्या खात्यातून काढून साध्या राजकारणात परत आणावेत, असं वेव्हर यांचं मत होतं. त्यांच्याच देशाने नेमकं उलट केलं.

डेन्मार्क हा युरोपातला सुखी, श्रीमंत, कल्याणकारी देश. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कारखान्यांना हात कमी पडत होते, तेव्हा तुर्कस्तान, पाकिस्तान, युगोस्लाव्हियातून कामगार आले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणायचे. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि दार बंद झालं. पण आत आलेले राहिले, त्यांनी बायकामुलं आणली, त्यांची मुलं डॅनिश बोलत मोठी झाली. आज त्या घरांत तिसरी पिढी आहे.

या घरांतल्या मुलांचं सरकारी नाव काय? डेन्मार्कची आकडेवारी माणसांची विभागणी ‘पाश्चात्त्य’ आणि ‘अपाश्चात्त्य’ अशी करते. त्यात ऑस्ट्रेलिया पाश्चात्त्य आहे, जपान अपाश्चात्त्य. डेन्मार्कमध्येच जन्मलेली पण आईबाप बाहेरून आलेली मुलं ‘वंशज’ म्हणून वेगळी मोजली जातात. २०२० मध्ये त्यातही मध्यपूर्व, उत्तर आफ्रिका, पाकिस्तान आणि तुर्कस्तान यांचा वेगळा गट करण्यात आला. नकाशा पाहिला की तो गट कशावरून केला ते सांगावं लागत नाही.

२०१८ चा कायदा याच मोजणीवर उभा आहे. ज्या सरकारी घरांच्या वस्तीत अर्ध्याहून जास्त लोक ‘अपाश्चात्त्य’ आणि त्यासोबत बेकारी, गुन्हे, शिक्षण, उत्पन्न यांतले काही निकष वाईट, ती वस्ती ‘घेट्टो’. निकष सारखेच वाईट असले पण लोक ‘पाश्चात्त्य’ असले तर ती वस्ती घेट्टो नव्हे. घेट्टोतल्या मुलाला एक वर्षाचं झाल्यापासून आठवड्याला २५ तास पाळणाघरात पाठवणं सक्तीचं. ठरवलेल्या भागात काही गुन्ह्यांना दुप्पट शिक्षेची तरतूद. आणि वर्षानुवर्षं यादीत राहिलेल्या वस्तीतली कुटुंबांची सरकारी घरं २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची, म्हणजे बाकीची पाडायची, विकायची किंवा दुसऱ्यांना द्यायची. २०२१ मध्ये ‘घेट्टो’ हा शब्द काढून ‘समांतर समाज’ हा शब्द घातला. शब्द सभ्य झाला, भाडेकरूला घर मात्र सोडावंच लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या महाधिवक्त्यांनी आपल्या मतात लिहिलं की हा वंशावर आधारलेला थेट भेदभाव आहे.

निर्वासितांचं काय झालं तेही पाहा. २०१६ च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांकडची १०,००० क्रोनरपेक्षा जास्त किमतीची रोकड आणि चीजवस्तू जप्त करण्याची मुभा दिली. लग्नाच्या अंगठीसारख्या भावनिक मोलाच्या वस्तू तेवढ्या सोडल्या. २०२१ मध्ये दमास्कसचा परिसर सुरक्षित झाला असं ठरवून काही सीरियन लोकांचे राहण्याचे परवाने काढून घेतले. त्यांना परत पाठवता येत नव्हतं, कारण असदच्या सरकारशी डेन्मार्कचे संबंध नव्हते. मग परतीच्या केंद्रात बसून राहा. पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी त्याच वर्षी संसदेत सांगितलं की आश्रय मागणाऱ्यांची संख्या शून्यावर आणणं हे आपलं उद्दिष्ट आहे. त्या उजव्या पक्षाच्या नाहीत, सोशल डेमोक्रॅट आहेत.

आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे लोक आले. त्यांच्यासाठी काही आठवड्यांत खास कायदा झाला, राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना मिळाला, दागिने जप्तीचा नियम त्यांना लागू केला नाही. युक्रेनच्या लोकांना आश्रय मिळाला हे चांगलंच झालं. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. घरं होती, नोकऱ्या होत्या, शाळेत जागा होती, प्रशासनाला घाई करताही येत होती. ‘क्षमता संपली’ हे कारण खरं नव्हतं.

आता ‘टिकाऊ’ शब्दाकडे येऊ. २०१८ मध्ये अलेक्झांडर बेट्स आणि पॉल कोलियर या दोन ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी नॉर्वेसाठी एक आराखडा लिहिला. त्यांची व्याख्या थोडक्यात अशी : ज्या स्थलांतराला यजमान समाजाचा लोकशाही पाठिंबा आहे, जे यजमान देश, मूळ देश आणि स्वतः स्थलांतरित या तिघांच्याही दूरच्या हिताचं आहे आणि जे किमान नैतिक कर्तव्य पाळतं, ते टिकाऊ. कागदावर या व्याख्येत मला खोट दिसत नाही. तिघांचं हित धरलं आहे, नीतीही धरली आहे. लोकांचा पाठिंबा नसेल तर चांगलं धोरणसुद्धा पुढच्या निवडणुकीत वाहून जातं, हेही खरं आहे.

खोट आहे ती मोजमापात. यजमान समाजाचा पाठिंबा मतपेटीत मोजला जातो. मूळ देशाचं हित पैशांच्या आकड्यात मोजलं जातं. स्थलांतरिताचं हित मोजायला कोणतंच माप नाही, कारण त्याला मत नाही. व्याख्येत तीन पक्ष आहेत आणि निकाल एकच पक्ष लावतो. शिवाय तो पाठिंबा कसा तयार होतो? एखाद्या नेत्याने वीस वर्षं सांगितलं की हे लोक धोका आहेत, तर पाठिंबा कमी होणारच. मग तोच नेता म्हणतो, ‘बघा, पाठिंबा नाही, म्हणून हे टिकाऊ नाही.’ आधी विहिरीत माती टाकायची आणि मग पाणी गढूळ आहे म्हणून विहीर बुजवायची, असा हा प्रकार आहे.

ही विचारसरणी शेवटपर्यंत नेली तर कोणता देश तयार होईल? त्याची कल्पना करायची गरज नाही. तो देश आपल्याला चांगला माहीत आहे, फक्त आपण त्याला या नावाने ओळखत नाही.

आखातात आपलं अर्धं कोकण गेलं आहे. चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, महाड, म्हसळा, श्रीवर्धन, यांतल्या कितीतरी मोहल्ल्यांत घराचा चौथरा दुबईच्या पैशाचा, स्लॅब सौदीच्या पैशाचा आणि रंग कुवेतच्या पैशाचा असतो. कतार आणि अमिरातीत दर दहा माणसांतली जवळपास नऊ परदेशी आहेत. जगातल्या कुठल्याही सिद्धांताप्रमाणे तिथल्या अरब समाजाची ओळख केव्हाच बुडायला हवी होती. बुडाली नाही. का? कारण तिथे कुणालाही ‘आपला’ होऊ द्यायचंच नाही असा कायदा आहे. वीस वर्षं काम करा, तीस वर्षं करा, इकामा संपला की विमान. मूल तिथे जन्मलं, तिथल्या शाळेत शिकलं, अरबी बोलतं, तरी ते हिंदुस्थानीच. व्हिसा कफीलच्या हातात. अनेकांचा पासपोर्टही त्याच्याच कपाटात, कायद्याने मनाई असली तरी.

समाजाची सुरक्षा शंभर टक्के. स्थलांतर पूर्ण टिकाऊ, कारण माणूस बदलता येतो. एक थकला की दुसरा आणा.

यावर आपल्याकडे लगेच उत्तर येतं, ‘पण पैसा मिळाला ना!’ मिळाला. त्या पैशावर शाळा उभ्या राहिल्या, मुली शिकल्या, बहिणींची लग्नं झाली. हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२०-२१ च्या पाहणीत परदेशातून देशात येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा ३५ टक्क्यांहून जास्त, सगळ्या राज्यांत पहिला होता. त्यात अमेरिकेतल्या इंजिनिअरचा पैसा आहे तसा आखातातल्या ड्रायव्हरचाही आहे. पण पैसा मिळणं आणि हक्क मिळणं या दोन गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरीची गरज संपत नाही. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. बँकेतलं गेलं, पगार गेला, घरातलं सामान गेलं. जुलै २०१७ पासून सौदीने कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल कर लावला आणि दरवर्षी तो वाढवत ४०० वर नेला. बायको आणि तीन मुलं असलेल्या माणसाने हिशेब केला आणि कुटुंब परत पाठवलं. २०२० मध्ये कुवेतच्या संसदेच्या समितीने एका मसुद्याला हिरवा कंदील दाखवला. भारतीयांची संख्या लोकसंख्येच्या १५ टक्क्यांवर जाऊ नये, असं त्यात होतं. आठ लाख भारतीयांना निघावं लागेल अशा बातम्या आल्या. तो मसुदा जसाच्या तसा अमलात आला नाही, पण कारण काय दिलं होतं? ‘लोकसंख्येचा तोल.’ कोपनहेगनचाच शब्द, अरबीत.

आता आपल्यालाच काही प्रश्न. डेन्मार्कमध्ये हिजाबवर बोलणं झालं की आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर रात्रभर संदेश फिरतात. कफालाबद्दल किती फिरले? जून २०२४ मध्ये कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय मेले. आपण फातेहा पढलो आणि गप्प बसलो. तिथे मालक मुसलमान आहे म्हणून? कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली, सौदीनेही २०२१ मध्ये नियम सैल केले, पण घरकाम करणाऱ्यांना त्यातून वगळलं. हे बदल बाहेरच्या कामगार संघटनांनी आणि पत्रकारांनी सतत ओरडा केल्यामुळे झाले, आपल्या तक्रारीमुळे झालेले नाहीत. जो जुलूम गोरा माणूस करतो तोच जुलूम आणि अरब शेख करतो ती किस्मत, हे इस्लाम नव्हे आणि हे शहाणपणही नव्हे.

दुसरा प्रश्न जास्त जवळचा आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं. नंतर बंगाल सरकारने ते आपले नागरिक असल्याचं दाखवलं आणि त्यांना परत आणावं लागलं. त्यांचा पुरावा काय होता, तर बोलणं बंगाली आणि नाव मुसलमानाचं. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यापासून आपल्याकडे ‘मी परका नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी संशयिताच्याच डोक्यावर आहे. पण सिद्ध करायला वेळ तर द्यायला हवा! आसाममध्ये वेळ दिला, वर्षानुवर्षं दिला, तरी ऑगस्ट २०१९ च्या नोंदणीतून १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. त्यात मुसलमान होते तसे बंगाली हिंदूही होते, गोरखाही होते. ज्याच्याकडे जमीन नाही, जन्मदाखला नाही आणि ज्याच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं आहे, तो बाहेर. मग त्याचा देव कुठलाही असो.

यावर आपण संतापलो. पण आपल्याच मोहल्ल्यात ‘हे भैये’, ‘हे बंगाली’ असं कोण म्हणतं? मशिदीच्या कमिटीत ‘बाहेरच्याला’ जागा नको हे कोण ठरवतं? कोकणी मुसलमान उत्तरेकडच्याला परका समजतो, दखनी बिहाऱ्याला. मालेगाव आणि भिवंडीचा माग कुणी आणला? १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून होरपळून निघालेल्या मोमिन विणकरांनी. मी शाळेत जी उर्दू शिकवतो तिचा या राज्यातला अर्धा संसार अशाच निघून आलेल्या माणसांनी मांडला. आणि कोकणी मुसलमान स्वतः केपटाऊनला जाऊन राहिले तेव्हा १९१३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेने भारतीयांसाठी दार लावून घेतलं, ते कोणत्या नावाने? गोऱ्या समाजाच्या रक्षणाच्या नावाने. ज्याच्या घरात तीन पिढ्या ‘बाहेरचा’ म्हणून राबल्या, त्याने इथे दुसऱ्याला ‘बाहेरचा’ म्हणणं शोभत नाही.

मग सीमा नकोतच का? असं मी म्हणत नाही. कोण आत येईल हे ठरवण्याचा देशाला हक्क आहे. आसामच्या माणसाला आपली भाषा जाईल अशी भीती वाटते, मुंबईच्या मराठी माणसाला घर परवडत नाही, ही दुखणी खरी आहेत. त्यांची टिंगल करणाऱ्या शहरी विद्वानांनी या प्रश्नाचं नुकसानच केलं आहे. पण भाषा टिकते ती शाळेने, आणि मराठी शाळा बंगाली गवंड्याने बंद पाडलेल्या नाहीत. घर परवडत नाही ते बिल्डरमुळे आणि धोरणामुळे. झोपडीत आठजणांत झोपणारा मजूर कुणाचा फ्लॅट घेत नाही. मजुरी पडते ती कागद नसलेल्या माणसाला मालक कमी पैसे देऊ शकतो म्हणून. त्याला कागद द्या, किमान वेतन लावा, मजुरी आपोआप सावरेल. दुखणं खरं आहे, पण औषध भलत्याच माणसाला पाजलं जातं.

आपल्या दीनमध्ये याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. मक्केत छळ झाला तेव्हा काही मुसलमान हबशाला गेले. कुरैशांनी मागोमाग दूत पाठवले, नजराणे पाठवले, ‘हे आमचे पळून आलेले लोक आहेत, परत द्या.’ ख्रिस्ती बादशहा नजाशीने नजराणे पाहून निकाल दिला नाही. आधी त्या लोकांना बोलावलं, जाफर बिन अबू तालिब यांचं म्हणणं ऐकलं आणि मग दूतांना परत लावलं. सुनावणी आधी, निकाल नंतर. चौदाशे वर्षांपूर्वी एका परधर्मी राजाला जे सुचलं ते आजच्या पोलीस ठाण्यात सुचत नाही. पुढे मदिनेत हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा लावून दिला. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि विचारलं, बाजार कुठे आहे? स्थलांतरित माणसाला खैरात नको असते, त्याला बाजाराचा रस्ता हवा असतो. ज्या भूमीतून हा धडा आला तिथेच आज कफालाचा कायदा बनला, ही गोष्ट आपल्या खतीबांनी जुम्म्याच्या बयानात एकदा तरी सांगावी.

म्हणून ‘टिकाऊ स्थलांतर’ हा शब्द कुणी वापरला तर त्याला तीन प्रश्न विचारा. युक्रेनच्या माणसाला जो नियम लावला तोच सीरियाच्या माणसाला लावणार का? राबणाऱ्याला ठरावीक वर्षांनी कायमचं राहण्याचा हक्क मिळेल की फक्त श्रीमंताला गोल्डन व्हिसा? आणि कुणाला बाहेर काढायचं ते त्या माणसाचं म्हणणं ऐकून ठरेल की त्याची भाषा, दाढी, नाव पाहून? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर तो शब्द मी आनंदाने वापरीन, वर्गात शिकवीनही.

आणि आपल्या लोकांनी उद्यापासून करायची दोन कामं. केरळने आपल्या परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र खातं काढलं. कोकणातल्या गल्फवाल्यांनी आपापल्या आमदाराला विचारावं की आमच्यासाठी राज्य नेमकं काय करतं. दुसरं, मोहल्ल्यात भाड्याने राहणाऱ्या बंगाली, बिहारी मजुराचे कागद नीट करायला मदत करावी, त्याला ठाण्यात बोलावलं तर दोघांनी सोबत जावं. एकटा गेला तर त्याचं म्हणणं ऐकायला तिथे कुणी नसतं.